गुलाबाची छाटणी: कधी, किती आणि नेमकं कुठे कापायचं

नवरात्र संपत आलं की गुलाब पाळणाऱ्या मंडळींचे हात शिवशिवायला लागतात. पावसाळ्यात झाड वेडंवाकडं वाढलेलं असतं, खालची पानं काळ्या ठिपक्यांनी पिवळी पडून गळून गेलेली असतात, वर दोन लांबलचक काड्या आणि त्यांच्या टोकाला एखादं मरतुकडं फूल. मग यूट्यूब उघडलं जातं, तिथे लंडनचा कुणीतरी काका फेब्रुवारीत स्वेटर घालून झाड जमिनीपासून वीतभर ठेवून सगळं साफ करतो, आणि इकडे आपणही तेच करून मोकळे होतो. त्यानंतर अर्धी झाडं फुटतच नाहीत.

त्या काकाचं काही चुकत नाही हो, त्याचं झाड वेगळ्या अवस्थेत असतं. तिकडे थंडीत गुलाब पानं गाळून झोपी जातो, सगळं अन्न काडीत आणि मुळात साठवून ठेवतो, आणि थंडी ओसरताना छाटला की त्या साठ्यावर जोरात फुटतो. आपल्याकडे गुलाब कधी नीट झोपतच नाही, बारा महिने काही ना काही चालूच असतं, त्यामुळे साठा कमी आणि पानांवरचं अवलंबून राहणं जास्त. म्हणून आपल्याकडे महिना वेगळा आणि कापायचं प्रमाणही वेगळं. इथे मी मुख्यतः हायब्रिड टी गुलाबाबद्दल लिहितोय, म्हणजे एका दांड्यावर एक मोठं फूल येणारा, नर्सरीत मिळतो तो कलमी गुलाब. बाकी प्रकारांचं पुढे थोडक्यात येईलच.

छाटायचं तरी कशाला

गुलाबाचं फूल नवीन फुटीवर येतं. जुनी काडी कितीही जाड असू दे, तिच्यावर थेट फूल येत नाही, तिच्या डोळ्यातून, म्हणजे सालीवरच्या बारीक कोंबातून, नवी फूट निघते आणि त्या फुटीच्या टोकाला कळी धरते. आणि काडीचा शेंडा जोपर्यंत शाबूत आहे तोपर्यंत तो खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो. शेंडा उडवला की खालचे दोन-तीन डोळे जागे होतात. जाड काडीवरच्या डोळ्यातून जाड फूट, जाड फुटीवर मोठं फूल, आणि काडीपेटीच्या काडीएवढ्या बारीक फांदीवरून बारीक फूट, तिच्यावर एक तर फूल नाहीच किंवा आलं तरी बटणाएवढं. छाटणीत आपण करतो ते एवढंच, बारीक आणि रोगट काढून टाकायचं आणि झाडाची ताकद मोजक्या जाड काड्यांकडे वळवायची.

तारीख कशी ठरवायची

पहिली अट, परतीचा पाऊस गेला पाहिजे. ताज्या कापावर पाऊस पडला की बुरशी आत शिरते आणि काडी वरून खाली काळी पडत जाते, याला शेंडेमर म्हणतात, इंग्रजीतलं डायबॅक ते हेच. म्हणून कॅलेंडरपेक्षा आकाश बघा. पुणे, नाशिक, सातारा, संभाजीनगर या पट्ट्यात साधारण ऑक्टोबरचा दुसरा-तिसरा आठवडा, म्हणजे दसरा ते दिवाळीच्या मधला काळ बरा पडतो. मुंबई, कोकण, गोव्याला हवेत ओल जास्त, तिथे ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा धरा. विदर्भात ऑक्टोबर हीट कडक असते, उन्हाचा चटका जरा कमी झाला की मगच हात घाला, उघड्या पडलेल्या काड्या भाजतात. नाशिककडचे द्राक्षवाले पण याच सुमाराला गोडी छाटणी, म्हणजे फळांसाठीची छाटणी घेतात, त्यांच्याकडे एखादी चक्कर मारलीत तर डोळा कसा निवडायचा हे फार छान बघायला मिळतं.

दुसरी गोष्ट म्हणजे उलटी मोजणी. छाटणीपासून फूल उमलायला साधारण ४५ ते ५५ दिवस लागतात. जात, थंडी आणि किती खोल छाटलंय यावर ते पुढेमागे होतं, खोल छाटलं तर उशीर, थंडी कडक पडली तरी उशीर. म्हणजे ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात छाटलं की डिसेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पहिला बहर. पुण्यात एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन २६ जानेवारीच्या आसपास असतं, त्यासाठी फुलं हवी असतील तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात परत एक हलकी छाटणी घ्यावी लागते. मावळातले पॉलिहाऊसवाले व्हॅलेंटाईन डे डोळ्यासमोर ठेवून डिसेंबरच्या मध्याला कामाला लागतात, ते याच हिशोबाने.

घरी पाच-सहा कुंड्या असतील तर सगळ्या एकाच दिवशी छाटू नका. अर्ध्या आज, अर्ध्या दहा-बारा दिवसांनी. नाहीतर सगळा बहर एकदम येऊन एकदम जातो आणि मग महिनाभर गच्चीत नुसती हिरवी पानं.

नर्सरीतून नुकतंच आणलेलं झाड असेल तर या वर्षी त्याला सोडून द्या. वाळकं तेवढं काढा, फुलं गेली की दांडा मागे घ्या, बस. पहिलं वर्ष त्याला मुळं धरायला लागतं.

आधीची तयारी

छाटणीच्या आठवडाभर आधी पाणी कमी करायचं, पूर्ण तोडायचं नाही. जमिनीतल्या झाडांना काही जण रीतसर ताण देतात, बुंध्याभोवतीची माती वीतभर खोल उकरून मुळं काही दिवस उघडी ठेवतात आणि मग शेणखत घालून बुजवतात. काळ्या जमिनीत, जुन्या दणकट झाडाला हे चालतं. कुंडीतल्या झाडाला अजिबात करू नका, कुंडीत मुळाला लपायला जागाच नसते, दोन दिवसांत झाड माना टाकतं.

हत्यार म्हणजे सिकेटर. त्यात दोन प्रकार येतात, एकात दोन पाती कात्रीसारखी एकमेकांशेजारून जातात आणि दुसऱ्यात एक पातं सपाट पट्टीवर दाबलं जातं. आपल्याला पहिला हवा, त्याला बायपास म्हणतात. दुसरा काडी चेचतो आणि चेचलेली काडी वाळते. धार अशी पाहिजे की वर्तमानपत्राचा कागद सहज कापला जाईल. स्वयंपाकघरातली कात्री, कटर, सुरी असले प्रयोग नकोत. अंगठ्यापेक्षा जाड जुनं लाकूड असेल तर छोटी घडीची आरी घ्या, सिकेटरवर दोन्ही हातांनी जोर काढून काही होत नाही, तोच वाकडा होतो.

सोबत एका बाटलीत स्पिरिट किंवा सॅनिटायझर आणि फडकं. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाताना पातं पुसायचं, आणि काळी पडलेली काडी कापली असेल तर त्याच झाडावर पुढचा काप घ्यायच्या आधीसुद्धा पुसायचं. हातमोजे जाड घ्या, भांडी घासायच्या रबरी मोज्यांतून काटा आरपार जातो. काटा लागलाच तर जखम लगेच साबणाने धुवा, मातीतली बुरशी त्यातून कातडीत शिरू शकते, आणि गाठ किंवा फोड बरा होत नसेल तर डॉक्टरला गुलाबाचा काटा लागला होता हे आवर्जून सांगा.

आता प्रत्यक्ष काप

आमच्या गच्चीवरच्या ग्लॅडिएटर जातीच्या गुलाबाचंच उदाहरण घेतो, म्हणजे नुसत्या नियमांपेक्षा नीट कळेल. चौदा इंची कुंडी, जुनं झाड, उंची माझ्या छातीपर्यंत. बुंध्यातून सात काड्या वर आलेल्या.

आधी लांबून बघायचं. कात्री खिशात. कुठली काडी वाळकी, कुठली जुनी राखाडी भेगाळलेली, कुठली यंदाची हिरवी-लालसर चकचकीत, हे ठरवायचं. मग कामाचा क्रम असा की आधी मेलेलं, मग रोगट, मग बारीक, मग एकमेकांवर घासणारं, आणि उंचीला हात सगळ्यात शेवटी. लोक उलटं करतात, आधी वरून सगळं सपाट कापून घेतात आणि मग खाली बघतात तर राहिलेली चांगली काडी एकच.

या झाडाची एक काडी पूर्ण वाळलेली होती, ती बुंध्याशी लागून काढली. थोटूक ठेवायचं नाही, थोटूक वाळतं, त्यात बुरशी आणि भुंगेरे घर करतात. दुसरी काडी वरून काळी, खाली हिरवी. इथे कापून कापलेल्या तोंडाकडे बघायचं असतं. मधला गाभा तपकिरी दिसला म्हणजे रोग अजून खाली आहे, आणखी एक डोळा खाली या, परत बघा. मी तीनदा खाली आलो तेव्हा गाभा पांढरा-हिरवट लागला, सालीखाली ओलसर हिरवी कड दिसली. तिथे थांबायचं. जीव होत नाही म्हणून तपकिरी गाभ्यावरच थांबलात तर महिन्याभरात ती काडी आपोआप बुंध्यापर्यंत जाते.

पुढे पेन्सिलीपेक्षा बारीक असलेल्या सगळ्या फांद्या गेल्या. दोन काड्या आतल्या बाजूला वाढून एकमेकींना घासत होत्या, त्यातली जुनी काढली. राहिल्या पाच. बाहेरच्या बाजूला पसरलेल्या, मधे मोकळी जागा, वरून पाहिलं तर वाटीसारखा आकार. हवा खेळती राहते आणि भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) आणि काळे ठिपके कमी होतात ते यामुळेच. साधारण चार ते सहा चांगल्या काड्या राहिल्या तर पुरे, तीनच चांगल्या असतील तर तीनच ठेवा, संख्या पुरी करायला रोगट काडी ठेवू नका.

आता उंची. हायब्रिड टी आपल्याकडे जमिनीपासून दीड ते दोन फुटांवर, म्हणजे ४५ ते ६० सेंमीवर ठेवावा असं माझं मत, म्हणजे साधारण अर्धी उंची जाते. झाड अशक्त असेल तर एक तृतीयांशच काढा. अशक्त झाडाला खोल छाटलं की जोमाने फुटतं असं बरेच जण सांगतात, थंड देशात ते खरंही असेल, पण आपल्या हवेत अशक्त झाडाकडे फुटायला भांडवलच नसतं. आणि दोन-चार निरोगी पानं राहिली तर राहू द्या, झाड पूर्ण बोडकं करायचा अट्टाहास नको. काळे ठिपके पडलेली पानं मात्र सगळी तोडा.

प्रत्येक काडी कुठे कापायची ते डोळा ठरवतो. काडी दोन बोटांत धरून हळूहळू फिरवा. जिथे पान होतं तिथे अर्धचंद्रासारखी रेघ दिसते आणि तिच्या बरोबर वर एक बारीक लालसर टिपका, गव्हाच्या दाण्याच्या टोकाएवढा. तो डोळा. तो ज्या दिशेला बघतोय त्या दिशेला फूट जाणार. आपल्याला झाडाच्या बाहेरच्या बाजूला बघणारा डोळा पाहिजे. त्याच्या वर साधारण पाव इंच, ५-६ मिमी सोडून, किंचित तिरपा काप, उतार डोळ्याच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे पाणी डोळ्यावर न येता मागच्या बाजूने निथळतं. फार जवळ कापलं तर डोळा वाळतो, इंचभर वर कापलं तर वरचा तुकडा काळा पडून रोग खाली आणतो. सिकेटर धरताना धारेचं पातळ पातं राहणाऱ्या काडीकडे आणि जाड चोच फेकायच्या तुकड्याकडे. हे फार कमी जण पाळतात आणि याने खूप फरक पडतो.

डोळा सापडतच नाही अशी जुनी काडी असते. तिथे अंदाजे हव्या त्या उंचीवर कापा, पंधरा दिवसांनी कुठे फुटतंय बघा आणि मग त्या फुटीच्या वरचं परत नीट कापून घ्या.

बुंध्याशी वाकून अजून एक गोष्ट तपासा. कलमी गुलाबाला खाली एक गाठ असते, तिथे डोळा भरलेला असतो. त्या गाठीच्या खालून किंवा थेट मातीतून आलेली फूट ही खुंटाची, म्हणजे जंगली. ती सरळसोट, फिक्या हिरव्या रंगाची, वेगाने वाढते आणि खरं झाड हळूहळू मारते. मग लोक म्हणतात आमच्या लाल गुलाबाला आता बारकी पांढरी फुलं यायला लागली. एका देठावर सात छोटी पानं असलेली फूट म्हणजे जंगली हा नियम सांगतात तो बेभरवशाचा आहे, चांगल्या जातींनाही सात पानं येतात, त्यामुळे पानं मोजण्यापेक्षा फूट कुठून निघालीये ते बघा. माती थोडी उकरून ती मुळाशी धरून ओढून काढायची, कापली तर तिथूनच चार येतात. याउलट गाठीच्या वरून जाडजूड लालभडक फूट आली असेल तर तिला जपा, पुढच्या दोन-तीन वर्षांचा बहर तिच्यावर असतो.

कापानंतर त्याच दिवशी

पेन्सिलीपेक्षा जाड प्रत्येक कापाला बोर्डो पेस्ट. १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) अर्ध्या लिटर पाण्यात, १०० ग्रॅम चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्याच भांड्यात, आणि मग ढवळत ढवळत एकत्र करायचं. लोखंडी भांडं नको. तयार मिश्रणात लोखंडी खिळा बुडवून बघा, त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, अजून थोडा घाला. त्याच दिवशी संपवायची, उद्यासाठी ठेवून फायदा नाही. चार कुंड्यांसाठी एवढा खटाटोप नको असेल तर कॉपर ऑक्सिक्लोराइडची पावडर पाण्यात घट्ट कालवून जुन्या ब्रशने लावा. हळद, फेव्हिकॉल, कोरफड असं बरंच काय काय लोक लावतात, माझा भरवसा तांब्यावर.

खाली पडलेली पानं, काड्या सगळं गोळा करून घराबाहेर. कंपोस्टच्या डब्यात टाकू नका, काळ्या ठिपक्यांची बुरशी त्याच पानांवर टिकून राहते. निरोगी जाड काड्या मात्र फेकताना एकदा विचार करा, गावठी गुलाबाच्या सहा ते आठ इंचांच्या, तीन-चार डोळे असलेल्या काड्या वाळूमिश्रित मातीत सावलीत टोचल्या की बऱ्याच लागतात. हायब्रिड टीच्या काडीवर फार आशा ठेवू नका, लागली तरी झाड मवाळच होतं.

मग झाडावर आणि वरच्या मातीवर कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला अडीच ग्रॅम या मापाने एक फवारा. मातीत ट्रायकोडर्मा देणार असाल तर दोन्हींत दहा-पंधरा दिवसांचं अंतर ठेवा, ट्रायकोडर्मा ही उपयोगी असली तरी बुरशीच आहे, तांबं तिलाही मारतं.

खत आणि पाणी

कुंडीच्या वरची दोन इंच माती खरवडून काढा. त्या जागी दोन ओंजळी पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, मूठभर निंबोळी पेंड, दोन चमचे हाडांचं पीठ. बुंध्याला चिकटवून नाही, कडेने. एकदा भरपूर पाणी. त्यानंतर हात आखडता घ्या. पानंच नाहीत तर झाड पाणी पिणार कुठून, आणि नेमकं याच काळात लोक प्रेमाने रोज पाणी घालून मुळं कुजवतात. बोट दोन पेरं मातीत घालून बघा, कोरडं लागलं तरच पाणी.

रासायनिक खत लगेच नको. फूट दोन इंचांची झाली की १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विरघळणारं खत) लिटरला दोन ग्रॅम, दहा-बारा दिवसांनी एकदा. कळ्या दिसायला लागल्या की ००:५२:३४ (नत्र नाही, फक्त स्फुरद आणि पालाश) त्याच मापात. ऊन रोज किमान पाच-सहा तास पाहिजे, ते नसेल तर वरचं सगळं करूनही फुलं यथातथाच येणार.

फूट निघाल्यावर

आठ-दहा दिवसांत डोळे फुगून लाल दिसतात. कधी एकाच डोळ्यातून दोन-तीन फुटी जोडीने निघतात, त्यातली मधली दणकट ठेवून बाकीच्या अंगठ्याने खुडून टाका, कोवळ्या असतानाच. आतल्या बाजूला जाणारीसुद्धा. हे पाच मिनिटांचं काम कात्रीच्या अर्ध्या तासाइतकंच महत्त्वाचं आहे.

कोवळी लाल पानं म्हणजे फुलकिड्यांना मेजवानी. पानं आक्रसली, कळीच्या कडा तपकिरी झाल्या की समजायचं आलेत. संध्याकाळी निंबोळी तेल लिटरला पाच मिली, त्यात साबणाचे थोडे थेंब, आठवड्यातून एकदा, आणि निळे चिकट सापळे लावा, फुलकिडे निळ्याकडे जातात. डिसेंबरात रात्री गार पडल्या की पांढरी भुरी येते, तेव्हा पाण्यात विरघळणारं गंधक, पण कडक उन्हात मारू नका, पानं करपतात.

काही फुटी वाढतात आणि टोकाला कळीच येत नाही, आंधळी फूट म्हणतात. तिला निम्म्यावर, एका देठावर पाच छोटी पानं असलेल्या चांगल्या पानाच्या वर कापा, परत फुटते. एकच मोठं फूल हवं असेल तर मधल्या कळीखालच्या बाजूच्या कळ्या वाटाण्याएवढ्या असतानाच काढा. फूल सुकलं की देठ तिथल्या तिथे मोडण्यापेक्षा खाली पाच पानी पान बाहेरच्या बाजूला असेल तिथे कापायचं, पुढचं फूल त्या डोळ्यातून.

बाकीचे प्रकार

फ्लोरिबंडा, म्हणजे झुबक्याने फुलणारा, त्याला फक्त एक तृतीयांश मागे घ्या आणि काड्या थोड्या जास्त ठेवा. मिनिएचरला वरवर आकार द्या, वाळकं काढा. वेलगुलाबाच्या मुख्य लांब काड्यांना हात लावू नका, त्या आडव्या बांधा, आडव्या काडीवर डोळे जास्त फुटतात, आणि बाजूच्या फांद्या दोन-तीन डोळ्यांवर ठेवा. गुलकंदाचा गावठी गुलाब सोशिक, त्याला हलकी छाटणी पुरते. वर्षातून एकदाच फुलणारी जात असेल तर ती फुलून गेल्यावरच छाटायची, आधी छाटलीत तर त्या वर्षीची फुलं कापलीत.

लंडन, न्यू जर्सीकडच्या मंडळींनी मात्र वरचे महिने विसरून त्या यूट्यूबवाल्या काकाचंच ऐकावं, कडक थंडी ओसरताना, फेब्रुवारीअखेर ते एप्रिल, तुमच्या गावच्या थंडीप्रमाणे.

आपल्याकडे मे अखेर किंवा जूनच्या सुरुवातीला, पाऊस लागायच्या आधी, अजून एक हात फिरवावा लागतो. ही मोठी छाटणी नाही, उन्हाने वाळलेले शेंडे, बारीक काटक्या आणि मधली गर्दी काढायची, उंची फार तर पाव भाग कमी करायची. भर पावसात सिकेटर बाहेर काढायचा नाही, त्या तीन महिन्यांत सुकलेलं फूल आणि काळी पडत चाललेली काडी एवढंच कापायचं, तेही उघडीप मिळेल त्या दिवशी सकाळी, म्हणजे संध्याकाळपर्यंत काप वाळतो.